डोक्यावर स्लॅब

घर बांधायला काढलं तेव्हा माझ्या फोनमध्ये एक यादी होती. तिला मी नाव दिलं होतं ‘व्हॅल्यू’. चौदा मुद्दे होते. समोरचं एलेव्हेशन, मॉड्युलर किचन, हॉलला पीओपी, मोठ्या टाइल्स, प्रत्येक बेडरूमला जोडून बाथरूम, गाडी लावायला जागा, वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांना भाड्यानं देता येतील अशा खोल्या. ऑफिसचं काम संपलं की पुण्यातल्या खोलीवर पडल्या पडल्या मी व्हिडिओ बघायचे आणि यादीत भर घालायचे. बांधतानाच काय काय केलं की घराची किंमत वाढते, यावर इंटरनेटवर इतकं काही आहे की माणूस एक वीटही न रचता दमून जाईल.

अण्णांकडे वही होती. दोनशे पानी, शाळेच्या दिवसांतली उरलेली. पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, ‘पाया मुरमापर्यंत.’ खाली दोन रेघा. बाकी पान कोरं.

आम्ही लातूरचे. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, २०२३ मध्ये रिटायर झाले. तोवर आम्ही सगळी वर्षं भाड्याच्या घरात काढली. पाच घरं बदलली, पण सगळी एकाच जातीची. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या पत्र्याच्या खोल्या. लातूरचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना पत्रा म्हणजे काय ते सांगायला नको. एप्रिलमध्ये दुपारी घरात भाकरी न थापताच भाजून निघेल असं आई म्हणायची. खालचा मजला रिकामा झाला, भाडं फक्त तीनशे रुपये जास्त होतं, तरी अण्णा नको म्हणाले. मी तेव्हा नववीत होते. वर्गातल्या मुलींना घरी बोलवायची मला लाज वाटायची. बाप चिक्कू आहे, एवढाच मी त्याचा अर्थ लावला होता.

शहराच्या कडेला अण्णांनी एक गुंठेवारीतला प्लॉट घेऊन ठेवला होता, बाराशे स्क्वेअर फुटांचा. फायलीला फाइल जोडून तो त्यांनी नियमित करून घेतला. अण्णांचे रिटायरमेंटचे बारा लाख, आणि आमच्या दोघांच्या नावावर बावीस लाखांचं कर्ज. हप्ता माझ्या पगारातून. २०२४ च्या पाडव्याला कुदळ मारली.

आता ‘व्हॅल्यू’ हे नाव मी का दिलं होतं ते सांगते. मी एकुलती एक. लातूरला परत येऊन राहीन असं मला वाटत नाही, तेव्हाही वाटत नव्हतं. अण्णा आणि आई आहेत तोवर घर आहे, त्यानंतर ते विकावं लागणार, हा हिशोब माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून होता. तो मी कुणाला बोलून दाखवला नव्हता. पण यादीतला प्रत्येक मुद्दा मी त्या अजून न आलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी लिहिला होता. गेटातून आत येताना त्याला काय दिसेल, किचनमध्ये शिरल्यावर त्याची बायको काय म्हणेल, वगैरे. आईवडिलांचं घर त्यांच्या मागे विकताना कसं दिसेल याचा विचार करत मी टाइल्स निवडत होते.

बँकेचा हप्ता टप्प्याटप्प्यानं मिळतो. जोत्यापर्यंत काम आलं की व्हॅल्युअर येऊन बघतो, मग पुढचे पैसे. पहिल्यांदा आलेले व्हॅल्युअर वयस्कर होते, गप्पिष्ट होते. मी त्यांना विचारलं, सर, किंमत कशानं वाढते? त्यांनी फार सोपं करून सांगितलं. जमीन वेगळी धरायची आणि बांधकाम वेगळं. जमिनीचा भाव रस्ता किती रुंद, प्लॉट कोपऱ्यावर आहे का, शेजारी काय दरानं गेलं, सरकारी रेडी रेकनरचा दर काय, यावर. बांधकाम म्हणजे क्षेत्रफळ गुणिले दर. मग दर वर्षी त्यातून घसारा वजा. “म्हणजे बघा,” ते म्हणाले, “जमीन वर जाते, बांधकाम खाली येतं. लोक उलटं समजतात. सगळा पैसा बांधकामात घालतात आणि कागदाकडे बघत नाहीत. मंजूर नकाशाप्रमाणे बांधा, बाजूची जागा सोडा, काम झालं की भोगवटा प्रमाणपत्र घ्या. निम्मी किंमत तिथं असते.”

हे ऐकून मामा नाराज झाला. त्याचं म्हणणं, बाजूची जागा सोडायची म्हणजे सोन्यासारखी जमीन उंदरांना द्यायची. सगळी गल्ली भिंतीला भिंत लावून बांधते. वर दोनाऐवजी चार खोल्या निघतील. लातुरात बारावीला आणि नीटच्या तयारीला पोरं कुठून कुठून येतात. ‘लातूर पॅटर्न’मुळे या शहरात कितीतरी घरांचे हप्ते पोरांच्या भाड्यावर फिटतात, हे खोटं नाही. “अगं, चार खोल्या म्हणजे आठ पोरं,” मामा बोटं मोजत म्हणाला. “तुझा हप्ता घर स्वतःच भरंल.” मला ते पटलं होतं. अण्णांनी मात्र नकाशात होत्या तेवढ्याच दोन खोल्या ठेवल्या. वहीत लिहिलं, ‘वर चार लेकरं राहणार. दुसऱ्यांची.’ खाली पुन्हा दोन रेघा.

पाया त्यांनी मुरमापर्यंतच नेला. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर टेकवलेलं जोतं दोन-चार वर्षांत तडकतं. मुरूम सहा फुटांवर लागला. मिस्त्रीचं म्हणणं साडेचार फुटांवर भागलं असतं. त्या दीड फुटात माझं पीओपी गेलं.

जूनमध्ये एका सकाळी आईचा फोन आला. “अण्णांनी काम बंद पाडलंय. मिस्त्री रुसून बसलाय. तू ये.”

मी रात्रीच्या बसनं निघाले आणि पहाटे थेट साइटवर उतरले. नऊ कॉलमच्या सळ्या उभ्या होत्या. कॉलममध्ये उभ्या सळ्यांना कवेत घेणाऱ्या चौकोनी रिंगा असतात. त्या रिंगांवर पांढऱ्या फुल्या दिसत होत्या. अण्णांनी खडूनं मारल्या होत्या, चुकलेल्या गणितावर मारतात तशा. जवळपास सगळ्या रिंगांवर.

“हे बघा ताई,” मिस्त्री म्हणाला, “सगळ्या लातुरात असंच बांधायलेत. वीस वर्षं झाली मला. कुणाचं काय पडलंय?”

भानगड अशी होती. रिंग जिथं जुळते तिथं तिची दोन टोकं वळवतात. इंजिनिअरच्या नकाशात ती १३५ अंशात वळवून कॉलमच्या पोटात घातलेली होती. मिस्त्रीच्या माणसांनी ती ९० अंशात, म्हणजे काटकोनात वाकवून सोडली होती. तसं पटकन होतं. शिवाय कॉलम जिथं बीमला भेटतो तिथं नकाशात रिंगा चार-चार इंचांवर होत्या, इथं सगळीकडे आठ इंच. इंजिनिअरला फोन लावला, तो म्हणाला, गुरुजींचं बरोबर आहे. जमीन हलली की कॉलमचं बाहेरचं काँक्रीट आधी फुटून पडतं. टोक काटकोनात असेल तर तेव्हा रिंग उघडते आणि आतल्या सळ्या मोकळ्या होतात. टोक आत रुतलेलं असेल तर रिंग धरून ठेवते. कॉलम वाकतो, पण लगेच बसत नाही. माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो.

मी हिशोब केला. रिंगा सोडून पुन्हा करायच्या म्हणजे जास्तीचं लोखंड, तीन दिवसांची मजुरी आणि मिस्त्रीचा रुसवा धरून अठरा हजार. रात्रभर झोप नव्हती. मी वैतागून म्हणाले, “अण्णा, हे काँक्रीटच्या आत जाणार. कुणाला दिसणार आहे? उद्या विकताना याचे कोण पैसे देणारंय?”

बोलून गेले. मिस्त्रीनं मान फिरवली. आई चहाची किटली घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

“विकायचंय का?” अण्णांनी विचारलं. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोरानं वेगळंच उत्तर दिल्यावर विचारतात तसं.

मला काही बोलता आलं नाही. अण्णा विटांच्या चळतीवर बसले, मलाही बसायला सांगितलं.

“गावाकडचं घर तू बघितलेलं नाहीस,” ते म्हणाले.

ते खरं आहे. औसा तालुक्यातलं आमचं जुनं गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे गेलं. मी त्यानंतर सहा आठवड्यांनी जन्मले. आई पहिल्या बाळंतपणाला लातुरात माहेरी आली होती म्हणून ती वाचली आणि मी आहे. एवढं मला माहीत होतं. आजी आणि आत्या त्यात गेल्या, हेही माहीत होतं. दर वर्षी त्या तारखेला अण्णा जेवत नाहीत. पण त्यांनी त्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

“दगडाच्या भिंती होत्या, हात-दीड हात रुंद. दगड मातीत बसवलेले. वर माळवद. लाकडावर माती. दर वर्षी मृगाच्या आधी तुझे आजोबा गाडीभर पांढरी माती आणून वर टाकायचे. गळू नये म्हणून. जुनी काढायची नसती, त्याच्यावरच नवी टाकायची. उन्हाळ्यात घर गार राहायचं. गावात नाव होतं आपल्या माळवदाचं. सोयरिकीला आलेले लोक वर बघून म्हणायचे, घर भक्कम आहे.”

“किती जाड होतं?”

त्यांनी गुडघ्याच्या वर हात ठेवून दाखवला.

“त्या वर्षी आजोबांचा पाय मुरगळला होता,” ते म्हणाले. “त्या वर्षीची माती मी टाकली.”

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन उरकून अण्णा आणि त्यांचे मित्र मारुतीच्या पारावर बोलत बसले आणि तिथंच झोपले. आजोबा गोठ्यात होते, बैलांजवळ. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. अण्णा म्हणाले, आवाज आठवतो, आणि नंतरची धूळ आठवते. आपलं घर कुठलं हे त्यांना अंधारात ओळखू आलं नाही, कारण सगळ्या गल्लीचं मिळून एकच ढिगारा झाला होता.

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नंतर मी वाचलं. भूकंप सहा रिश्टरच्या थोडा वरचा होता. जगात याहून मोठे कितीतरी होतात आणि त्यात इतकी माणसं मरत नाहीत. इथं सुमारे दहा हजार गेली. त्या वेळच्या नकाशात आमचा भाग भूकंपाचा धोका सगळ्यात कमी असलेल्या पट्ट्यात होता, त्यामुळे तसं बांधायचा विचारच कुणी केला नव्हता. माणसं झोपेत होती, आणि त्यांच्यावर जे पडलं ते त्यांच्याच घरावर वर्षानुवर्षं चढवलेलं वजन होतं. ज्यानं घर चांगलं समजलं जायचं, तेच.

पत्र्याच्या खोल्यांचा अर्थ मला त्या विटांवर बसून कळला. तीस वर्षं हा माणूस डोक्यावर पत्र्यापेक्षा जड काही नसेल अशीच घरं शोधत होता. आणि आता त्याची बायको आणि मुलगी त्याच्या डोक्यावर दोन स्लॅब घालत होत्या. तो नको म्हणाला नव्हता. फक्त नकाशात आहेत तशा रिंगा मागत होता.

रिंगा सोडल्या. सगळ्या पुन्हा बांधल्या. मिस्त्री दोन दिवस तोंड वाकडं करून होता, तिसऱ्या दिवशी स्वतःच अण्णांना बोलवायला लागला, गुरुजी बघून घ्या. अण्णांनी प्रत्येक कॉलम तपासून त्यावर खडूनं बरोबरची खूण केली. काँक्रीट ओतायच्या आधी मी फोटो काढले. मग ती सवयच लागली. स्लॅबच्या सळ्या, बाथरूमच्या पाइपा, भिंतीतल्या वायरिंगच्या नळ्या, सगळ्याचे फोटो, शेजारी टेप धरून, गिलावा व्हायच्या आधी. चारशे बारा फोटो आहेत. घर बांधत असाल तर एवढं नक्की करा. याला पैसे लागत नाहीत. पुढं भिंतीत खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना भिंत फोडावी लागत नाही.

बाकीची यादी मी पुन्हा लिहिली. एलेव्हेशनचा अंदाज एक लाख ऐंशी हजारांचा होता, तो रद्द केला. त्यातून खिडक्यांवर नीट रुंद छज्जे आले आणि पश्चिमेची भिंत नऊ इंची झाली, कारण दुपारनंतर तीच तापते. जमिनीखाली दहा हजार लिटरची टाकी आली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात मी आणि आई रात्री घागरी घेऊन रांगेत बसलोय. आमच्या गच्चीचं क्षेत्रफळ साधारण ७५ चौरस मीटर. वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस झाला तर तिच्यावर पन्नास हजार लिटरच्या वर पाणी पडतं. ते गटारात सोडण्याऐवजी एक पाइप आणि एक गाळणी लावून टाकीत घेतलं. मॉड्युलर किचन गेलं. ओटा मात्र आईच्या उंचीचा झाला, कारण ओटा ओतायच्या आधी अण्णांनी तिला विटांच्या चळतीसमोर उभं करून पोळी लाटायला लावली होती. मिस्त्री हसत होता. आईसुद्धा.

आणि पाणी. स्लॅबवर वाफे करून अण्णांनी चौदा दिवस पाणी तुंबवलं. कॉलमना गोणपाटं गुंडाळून ती दिवसातून चारदा भिजवली. पाऊस भुरभुरत असतानाही ते पाइप घेऊन उभे असायचे. शेजारचे म्हणायचे, गुरुजी, वरून देव पाणी मारतोय, तुम्ही चहा घ्या.

मी सगळीकडे शहाणी झाले असं नाही. वरच्या खोल्यांचं भाडं किती येईल, हे मी दर महिन्याला मोजत होतेच. हप्ता माझा होता.

शेवटच्या हप्त्याच्या वेळी दुसरे व्हॅल्युअर आले. माझ्याच वयाचा मुलगा, हातात लेझरवर अंतर मोजायचं यंत्र. पंचवीस मिनिटांत काम उरकलं. नकाशाशी ताडून बघितलं, बाजूची जागा मोजली, भोगवट्याच्या अर्जाची प्रत घेतली. जाताना मी फोन पुढं केला आणि फोटो दाखवले. रिंगांच्या फोटोवर तो थांबला. दोन बोटांनी मोठा करून बघितला.

“हे कुणी करून घेतलं?”

“वडिलांनी.”

“भारी केलंय,” तो म्हणाला. “पण फॉर्ममध्ये याला रकाना नाही.”

अहवाल आला. नकाशाप्रमाणे बांधकाम, कागदपत्रं पूर्ण, म्हणून जमिनीला आणि एकूण किमतीला चांगला भाव. बांधकामाचा दर मात्र गल्लीतल्या बाकीच्या घरांचाच. फिनिशिंगपुढे लिहिलं होतं, ‘साधारण’. मी अण्णांना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. ते हसले.

“त्याला कुठं झोपायचंय इथं,” म्हणाले.

२०२५ च्या अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, आम्ही राहायला आलो. त्या रात्री अण्णांनी खाट गच्चीवर नेली. खाली उकडतं म्हणाले. उकडत नव्हतं, पश्चिमेची भिंत तिचं काम चोख करत होती. आई काही बोलली नाही. तिनं मच्छरदाणी तेवढी वर पाठवली. दुसऱ्या रात्रीही तेच, आठवड्यानंतरही तेच. नवीन घर बांधून माझा बाप आता पत्र्याखालीसुद्धा झोपत नव्हता.

त्या वर्षी पाऊस लवकर आला. मे संपायच्या आधीच. मी घरून काम करायला म्हणून लातुरात आले होते. रात्री दीड-दोनला जोरात सर आली आणि जिन्यावर पावलं वाजली. मी हॉलमध्ये गेले तर अण्णा खुर्चीवर बसले होते, उशी मांडीवर, केस ओले. वर बघत होते. हॉलचा बीम कॉलमला भेटतो त्या कोपऱ्याकडे. वरच्या खोल्यांमध्ये अजून कुणी राहायला आलं नव्हतं. पावसाचा आवाज पत्र्यावर होतो तसा होत नव्हता, लांबून आल्यासारखा येत होता.

“झोप येत नाही का?”

“त्या कोपऱ्यातला फोटो आहे का?” त्यांनी विचारलं.

मी फोन आणला. शोधायला वेळ लागला. कॉलम क्रमांक पाच. सळ्या उभ्या, रिंगा चार-चार इंचांवर, टोकं आत वळलेली, आणि प्रत्येक रिंगेवर खडूची बरोबरची खूण. अण्णांनी चष्मा लावला. एकेक रिंग मोजली असावी, कारण ओठ हलत होते. मग फोन परत दिला.

“खाट भिजलीय,” ते म्हणाले. “इथंच टाकतो काहीतरी.”

मी गादी आणली. दिवा मालवू का विचारलं, तर राहू दे म्हणाले. सकाळी मी उठले तेव्हा दिवा मालवलेला होता आणि ते भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आई पाय न वाजवता किचनमध्ये वावरत होती. टाकीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.